तिसरीच्या वर्गातला सापांचा आठवडा

सोमवार, १५ सप्टेंबर २०२५

आज शाळेत साप निघाला.

एवढंच लिहून डायरी मिटावी असं वाटत होतं. पण अभय म्हणाला, "सगळं लिहून काढ, म्हणजे दोन घास तरी जातील." नवऱ्याचं ऐकून पाहते.

मधल्या सुट्टीनंतर मी तिसरीला हातच्याची वजाबाकी शिकवत होते. तेवढ्यात बाहेरून चौथीच्या मुलांचा ओरडा आला, "साप! टाकीपाशी साप!" सगळा वर्ग खिडकीला चिकटला. शाळेच्या मागे पाण्याच्या टाकीजवळ तुटक्या बाकांचा आणि फरश्यांचा ढीग पडलाय. त्या ढिगाकडे एक लांबलचक तपकिरी दोर आपला आपण निघाला होता. आमचे शिपाई मच्छिंद्रमामा काठी घेऊन धावले, तोवर तो आत शिरलासुद्धा.

मी काय केलं? मी खुर्चीवर चढले. मुलं वळून माझ्याकडे बघायला लागली तेव्हा म्हटलं, "वरून नीट लक्ष ठेवता येतं." त्यांना पटलं. आयुषने तर पुढे येऊन माझी खुर्ची दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवली, डुगडुगू नये म्हणून. गुणी पोरगा आहे.

मला सापाची भीती वाटते. साधी नाही, भयंकर. शाळेत कुणालाही हे माहीत नाही आणि कळूही द्यायचं नाही. परिसर अभ्यासाच्या पुस्तकात सापाचं चित्र असलेलं पान मी बोटाने उलटत नाही, पट्टीने उलटते. मी शनिवार पेठेत वाढले. तिथे साप म्हणजे नागपंचमीच्या पाटावर काढलेला. कात्रजच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी नोकरी करावी लागेल असं कधी वाटलं नव्हतं. पण माझी आधीची शाळा पटसंख्येअभावी बंद झाली आणि जूनमध्ये महापालिकेने मला इथे पाठवलं.

शाळा सुटेपर्यंत फाटकात पालक जमले. पुढे सर्जेराव. ते शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष आणि आयुषचे आजोबा. गाव महापालिकेत गेलं तरी ते अजून 'आमचं गाव' म्हणतात, आणि शाळेची जागा त्यांच्या वडिलांनी दिलेली असल्यामुळे 'आमची शाळा'ही म्हणतात.

"उद्या जेसीबी लावतो," ते म्हणाले. "ढीग उपसायचा आन साप ठेचायचा."

"जेसीबी आत कुठून आणणार? भिंत पाडून?" आमच्या मुख्याध्यापिका म्हणाल्या. त्यांना सगळे मोठ्या बाई म्हणतात. "म्हणजे साप जाईल आणि चोर येतील."

सर्जेरावांना काही हसू आलं नाही. "शनिवारी पालकसभा हाय. तवर बंदोबस्त करा. नायतर आयुषचं नाव काढून हायवेच्या पल्याड इंग्लिश मीडियमला घालतो. माझ्यामागं बाकीचे बी जातील."

ते खरं आहे. ते गेले तर बाकीचे जातील. आणि मग ही शाळासुद्धा...

पालक गेल्यावर मोठ्या बाईंनी मला बोलावलं. "शेफालीबाई, तिसरीचा या आठवड्याचा विषय साप. शनिवारी मुलं पालकांपुढे मांडतील."

"साप?" मी म्हटलं.

"नाही, हत्ती. टाकीपाशी हत्तीच निघालाय ना?"

एवढे शिक्षक असताना माझ्याच गळ्यात का? या बाईंचा माझ्यावर पहिल्यापासून राग आहे.

मंगळवार, १६ सप्टेंबर

सुरुवात तर केली. सकाळी मुलांना विचारलं, सापाबद्दल घरी काय काय म्हणतात. आज फळा भरून गेला. धामण म्हशीचं दूध पिते. धामणीची शेपूट लागली की हात वाळतो. साप डूख धरतो, बारा वर्षं विसरत नाही. गारुड्याची पुंगी ऐकून डुलतो.

मी दोन रकाने आखले होते, खरं आणि खोटं. मुलं हिरिरीने भांडत होती. ईश्वरी मात्र तिच्या नेहमीच्या जागी, खिडकीशी, गप्प. आईवडील दोघंही गाडीवर भाजी विकतात, पहाटे मंडईला जातात, त्यामुळे ती आजीपाशी, तुळजाबाईंपाशी असते. वर्गात फारसं बोलत नाही. वाचायला सांगितलं की पुस्तकात डोकं खुपसते. पण बघते सगळं.

आज तिने हात वर केला. "बाई, तिसरा रकाना काढा ना. माहीत नाही म्हणून."

काढला. आणि गंमत म्हणजे बघता बघता पहिल्या दोन रकान्यांमधली वाक्यं मुलं आपणहून तिसऱ्यात हलवायला लागली. "तू बघितलंस का दूध पिताना?" "नाय." "मग माहीत नाही!" इतकी वर्षं शिकवतेय, पण आपल्याला माहीत नाही हे मुलं एवढ्या आनंदाने ओरडून सांगताना कधी पाहिली नव्हती.

एक खोडी मात्र झाली. दुपारी पुस्तक उघडलं, तर सापाच्या चित्रावर कुणीतरी सशाचं चित्र कापून चिकटवलेलं. ईश्वरीने कबूल केलं. मी रागावले, शाळेचं पुस्तक खराब करायचं नाही म्हटलं. ती शांतपणे म्हणाली, "बाई, आता उलटा पान."

मुलांच्या डोक्यात काय चालतं कळत नाही.

बुधवार, १७ सप्टेंबर

आजचा दिवस मला फार दिवस पुरेल.

प्रश्न असा ठेवला होता, की साप आपल्याच शाळेत का आला. मी सगळ्यांना मागच्या व्हरांड्यात नेलं. कठड्याच्या आतच राहायचं, नुसतं बघायचं आणि बघितलं ते सांगायचं. मी अर्थातच कठड्यापासून सगळ्यात लांब, भिंतीला टेकून उभी होते, म्हणजे सगळा वर्ग नजरेत राहतो. मुलं आपोआप माझ्यापुढे ओळ करून उभी राहिली. शिस्त हळूहळू अंगवळणी पडतेय.

बराच वेळ कुणाला काही दिसेना. चुळबुळ सुरू झाली. मला वाटलं, फसला आपला उपक्रम. मग आयुष म्हणाला, "बाई, त्या फरशीखाली बिळं हायत."

"कुणाची?"

"उंदरांची. तो बघा, गेला."

मग सगळ्यांनाच उंदीर दिसायला लागले. उंदीर कुठे जातात? स्वयंपाकखोलीच्या मागे. तिथे काय आहे? दुपारच्या जेवणातली उरलेली खिचडी, रोज तिथेच भिंतीशी ओतलेली. आयुष एकदम कठड्यावरून मागे वळला. त्याचा चेहरा असा झाला होता, की जणू दिवा लागला.

"बाई! साप शाळेत नाय आला. तो उंदरांकडं आला. आन उंदीर खिचडीकडं आलेत."

"आणि खिचडी?"

तो थांबला. मग हळूच म्हणाला, "ती आपणच टाकतो."

हे मी सांगितलं असतं तर मुलांनी वहीत उतरवून घेतलं असतं आणि विसरली असती. आज ती तशीच धावत मोठ्या बाईंच्या खोलीत घुसली. चप्पल काढायलाही विसरली. मोठ्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि मच्छिंद्रमामांना बोलावलं. मामा म्हणाले, "इतकी वर्षं तिथंच टाकतोय, कुणी काय बोललं नाय."

"तिसरी बोलली," मोठ्या बाई म्हणाल्या. "आजपासून उरलेलं झाकणाच्या डब्यात."

मामा दिवसभर फुरंगटून होते. पण डबा आला.

गुरुवार, १८ सप्टेंबर

आज पाहुण्या आल्या. डॉ. सोनाली. पेशाने दातांच्या डॉक्टर, कात्रजला दवाखाना आहे, आणि हौसेने नव्हे तर रीतसर शिकून सर्पमित्र झालेल्या. मोठ्या बाईंनीच फोन करून बोलावलं होतं. पहिला प्रश्न अपेक्षेप्रमाणे आला, "तुम्ही सापाचे दात पण काढता का?"

"नाही रे बाबा. तो वेळ घेऊन येत नाही."

त्यांनी जिवंत साप आणला नव्हता. तसं आणायचं नसतं, म्हणाल्या. मी मनातल्या मनात त्यांना नमस्कार केला. त्यांनी फोटो आणले होते. मुलांनी केलेलं वर्णन ऐकून त्या म्हणाल्या, टाकीपाशी दिसली ती धामण असणार, बिनविषारी, उंदीर खाणारी. मग त्यांनी दोन मोठे फोटो फळ्याला लावले. दोन्ही साप काळपट, दोघांच्या अंगावर पांढरे आडवे पट्टे. एक कवड्या, बिनविषारी. दुसरी मण्यार, आपल्याकडच्या सगळ्यात विषारी सापांपैकी एक. "फरक शोधा," त्या म्हणाल्या.

पोरं फळ्यावर तुटून पडली. कुणी म्हणे हा जाड, कुणी म्हणे तो चकचकीत. शेवटी ईश्वरी खिडकीपासून उठून पुढे आली आणि तिने बोट ठेवलं. "ह्याचे पट्टे मानेपासून चालू होतात आणि शेपटीकडे पुसट होत जातात. हिचे मानेपाशी नाहीत, मागून चालू होतात. आणि शेपटीकडे दाट."

"शाबास," डॉक्टर म्हणाल्या. "पण आता मी सांगते ते सगळ्यांत महत्त्वाचं. ओळखता आला तरी हात लावायचा नाही. ओळखता आला नाही तर मुळीच नाही. मोठमोठे फसतात. मागे सरकायचं, लांबून नजर ठेवायची, सर्पमित्राला नाहीतर अग्निशमन दलाला फोन करायचा. आणि चावलाच तर मांत्रिक नाही, कापाकापी नाही, घट्ट बांधायचं नाही. थेट मोठं हॉस्पिटल."

मण्यार रात्री हिंडते, जमिनीवर झोपलेल्यांना चावते, आणि चावल्याचं कित्येकदा कळतसुद्धा नाही, असंही सांगितलं. आम्ही सगळे खाली झोपतो, असं बरीच मुलं म्हणाली. त्यावर मच्छरदाणी गादीखाली चारी बाजूंनी कशी खोचायची ते डॉक्टरांनी माझी ओढणी घेऊन करून दाखवलं.

डॉक्टर निघाल्या तेव्हा ईश्वरीने मण्यारीच्या फोटोखालचा मजकूर मोठ्याने वाचला. कुणी सांगितलं नव्हतं. अडखळत, पण शेवटपर्यंत. मी तिच्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर थांबली असती.

शुक्रवार, १९ सप्टेंबर

मन थाऱ्यावर नाही. सकाळी काही आया दाखल्याची चौकशी करायला आल्या होत्या. मोठ्या बाई म्हणाल्या, "उद्याची सभा बघा आणि मग मागा." त्या गेल्यावर मी विचारलं, "समजा, गेली मुलं, तर?"

"तर तुम्ही आणि मी एकमेकींना शिकवू. आत्ता वर्गावर जा."

खडू घेतला आणि गेले.

वर्गात उद्याची तयारी. मुलांनी जुन्या पायमोज्यांत चिंध्या भरून साप केले. रंगवलेसुद्धा, एक कवड्या, एक मण्यार. चांगलेच झालेत. फार चांगले झालेत. आयुष मण्यार घेऊन माझ्याकडे आला आणि म्हणाला, "बाई, रंग ओला हाय. आधी नुसती शेपटी धरा."

मी शेपटी धरली. थोड्या वेळाने ईश्वरी म्हणाली, "आता मधला भाग वाळलाय." तो धरला. दुपारच्या सुट्टीनंतर म्हणाले, "आता डोकं पण वाळलं." शाळा सुटेपर्यंत अख्खी मण्यार माझ्या मांडीवर होती आणि मी तिच्यावर पांढरे पट्टे नीट करत होते. रंग इतका सावकाश वाळतो हे माहीत नव्हतं. पावसाळी हवा, दुसरं काय.

साप दिसला तर वर्ग कसा रिकामा करायचा त्याची रंगीत तालीमही घेतली. ओरडायचं नाही, पळायचं नाही, जवळच्याचा हात धरून दाराकडे. आयुष चिंध्यांचा साप झाला होता. तोच सगळ्यात जास्त ओरडला.

शनिवार, २० सप्टेंबर

जसं घडलं तसं लिहिते.

सभा तिसरीच्या वर्गात होती. बाकं बाहेर काढून मच्छिंद्रमामांनी सतरंज्या अंथरल्या, चपला व्हरांड्यात. वर्ग पालकांनी भरला. सर्जेराव पुढे मांडी घालून बसले, हाताची घडी. मुलांनी तीन रकाने दाखवले, खिचडीपासून सापापर्यंतचं चित्र दाखवलं. आया एकमेकींकडे बघायला लागल्या. सर्जेराव म्हणाले, "चित्रं झ्याक हायत. पर साप कुठाय? ढिगातच ना?"

तेवढ्यात तुळजाबाई आल्या, ईश्वरीची आजी. त्यांना बसायला म्हणून मामांनी कोपऱ्यात उभी ठेवलेली शेवटची सतरंजी उलगडली. घडीतून काहीतरी काळं, चकचकीत, हातभर लांब, फरशीवर पडलं आणि वेटोळं करून पडून राहिलं.

एक किंचाळी आली. बायका उठल्या.

"गप बसा सगळे!" सर्जेराव उभे राहिले. "बारकं पिल्लू हाय. कवड्या. माझ्या गोठ्यात दरसाल निघतात. ह्याच्यासाठी सभा भरवली व्हय? हातानं उचलून टाकतो भायेर."

ते अनवाणी पुढे गेले आणि वाकले. मला ओरडायचं होतं. तोंडातून आवाज फुटला नाही.

"आजोबा, हात लावू नका!"

ईश्वरी. वर्गात जिचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचत नाही, ती. "शेपटीकडं पट्टे दाट हायत! मण्यार हाय ती!"

"तुला काय कळतंय गं?" सर्जेराव वाकलेलेच. डोकं वेटोळ्यात दडवलेलं असल्यामुळे साप मेल्यासारखा दिसत होता. त्यांचा हात आणखी खाली गेला. तेवढ्यात आयुषने मागून त्यांच्या कमरेला मिठी मारली आणि सगळं वजन टाकून मागे ओढलं. "आजोबा, मागं सरका! ओळखता आला तरी हात नाय लावायचा!"

सर्जेराव मागे सरकले. नातवासाठी सरकले की पट्ट्यांकडे बघून, कोण जाणे.

आणि मग तिसरीने काल शिकलेलं सगळं केलं. कुणी पळालं नाही. प्रत्येकाने जवळच्या मोठ्या माणसाचा हात धरला, "चला, हळू चला, ओरडू नका," म्हणत दाराबाहेर नेलं. आपल्या आईला, दुसऱ्याच्या आजीला, मच्छिंद्रमामांनासुद्धा. बघता बघता वर्ग रिकामा झाला. मोठ्या बाई बाहेर डॉक्टरांना फोन लावत होत्या.

लांबून नजर कुणीतरी ठेवायला हवी होती. मी दारात उभी राहिले. ईश्वरी माझ्याशेजारी येऊन थांबली. मी म्हटलं, "तू जा." ती म्हणाली, "बाई, मला भीती वाटतीय. माझा हात धरा."

बिचारी. मी तिचा हात धरला, घट्ट. तिचा हात कोरडा आणि ऊबदार होता, माझा घामाने निथळत होता. डॉक्टर येईपर्यंत आम्ही दोघी त्या काळ्या वेटोळ्याकडे बघत होतो. ती मधूनमधून सांगत होती, "हलली नाय बाई. अजून तिथंच हाय." मी नजर काढली नाही. एकदाही नाही. सापाच्या चित्राचं पान पट्टीने उलटणारी मी.

डॉक्टर आल्या, लांब आकड्याने आणि पिशवीने काही क्षणांत काम झालं. पिशवीचं तोंड बांधून त्यांनी विचारलं, "मण्यार आहे. कुणी हात लावला नाही ना?"

व्हरांड्यात सगळ्यांनी नकारार्थी माना हलवल्या. सर्जेराव पायरीवर बसले होते. स्वतःच्या उजव्या हाताकडे बघत होते. मग त्यांनी ईश्वरीला जवळ बोलावलं. "पोरी, तू वरडली नसतीस तर..." त्यांनी फेटा काढून मांडीवर ठेवला आणि तिच्या डोक्यावरून हात फिरवला. तुळजाबाई एकीकडे डोळे पुसत होत्या आणि दुसरीकडे सगळ्यांना सांगत होत्या, "माझी नात हाय ती. माझी!"

थोड्या वेळाने सर्जेराव उठले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आयुषचं नाव कुठं जात नाय. ज्याला काढायचंय त्यानं आधी माझ्याशी बोलायचं."

मोठ्या बाई दाखल्यांचे अर्ज हातात घेऊन उभ्या होत्या. "हवेत का कुणाला?" कुणी पुढे आलं नाही. "मग कागद पाठकोरे वापरू," म्हणाल्या आणि आत गेल्या. जाता जाता माझ्यापाशी थांबल्या, माझ्या हातात पाण्याचा पेला दिला. "बसा आता, शेफालीबाई. आठवडाभर उभ्या आहात."

म्हणजे काय, ते कळलं नाही. पण पाणी गोड लागलं.

सोमवार, २२ सप्टेंबर

सकाळी सर्जेराव चार माणसं घेऊन हजर. जेसीबी नाही. गमबूट, जाड हातमोजे आणि लांब पहारी. डॉ. सोनाली शेजारी उभ्या राहिल्या आणि ढीग एकेक फरशी करत हलवला. तळातून धामण निघाली. मुलं व्हरांड्यात होती. ओरडायचं नाही हे ठरलेलं, त्यामुळे सगळ्यांनी नुसते हात हलवून तिला निरोप दिला. सर्जेरावांनीही हलवला, इकडेतिकडे बघत, पटकन. डॉक्टर तिला डोंगराकडे सोडायला घेऊन गेल्या.

पलीकडच्या गल्लीतली एक आई मुलीचं नाव घालायला आली होती, वर्षाच्या मध्येच. तिची मुलगी म्हणे घरी हटून बसली आहे, सापांच्या शाळेतच जायचं.

मी वर्गाकडे निघाले तर दारात आयुष आडवा. "बाई, थांबा. आम्ही आधी वर्ग बघून घेतो." आत सगळी मुलं कामाला लागली होती. कोपरे, कपाटाची मागची बाजू, दप्तरांचा कप्पा, सतरंज्यांच्या घड्या, लांब पट्टीने, हात न लावता. ईश्वरीने तर माझी खुर्ची हलवून खाली वाकून बघितलं, टेबलाचा खण ओढून बघितला. मग सगळी रांगेत उभी राहिली आणि ती म्हणाली, "या बाई. काही नाहीये."

मुलांना खबरदारीची केवढी सवय लागली! उपक्रमाच्या अहवालात हे लिहायलाच हवं. रोज सकाळी असंच करणार, म्हणाली. मी म्हटलं, जरूर करा.

मग मी आत गेले आणि फळ्यावर तारीख लिहिली.